‘मेळघाटात नेऊन सोडा’ म्हणणाऱ्यांना

तुरीला फूल धरलं की आमच्या भागात एक वाक्य ऐकू यायला लागतं. ग्रामसभेत ते ठराव म्हणून येतं, टपरीवर संतापानं येतं, वनखात्याला दिलेल्या निवेदनात ‘नम्र विनंती’ लावून येतं. ‘हे वानेरं पकडा अन् मेळघाटात नेऊन सोडा.’ अमरावतीत ऐकलं, अकोल्यात ऐकलं, आणि परवा धुऱ्याला धुरा लागून असलेल्या काकाजींनी माझ्याच वावरात उभं राहून मला ऐकवलं. त्यांच्या तुरीचे दहा तास, म्हणजे दहा ओळी, टोळीनं आदल्या दिवशी ओरबाडले होते.

काकाजींचा राग खरा आहे. वाक्य मात्र चुकीचं आहे, आणि ते आपण इतकी वर्षं इतक्या एकमुखानं म्हणत आलो की आपल्याला दुसरं काही मागायचं सुचेनासं झालं आहे. मी शाळेत जीवशास्त्र शिकवण्यात आयुष्य काढलं आणि दर्यापूर तालुक्यातलं आमचं वावर अजून सोडलेलं नाही. डिसेंबरच्या सकाळी वीस-पंचवीस वानरं हरभऱ्यात पंगतीला बसल्यासारखी बसलेली पाहून पोटात काय होतं, ते मला कुणी समजावून सांगायला नको. ते माहीत आहे म्हणूनच हे लिहितो आहे.

‘मेळघाटात सोडा’ म्हणताना आपण मनाशी धरून चालतो की वानर सातपुड्यातल्या मेळघाटातून आलं. दर्यापूरपासून, मूर्तिजापूरपासून डोंगर किती लांब आहे? सातपुड्याची रांग निरभ्र सकाळी निळसर रेघेसारखी दिसते, एवढंच तिचं आमचं नातं. मधे कित्येक किलोमीटर सपाट काळी जमीन, पूर्णेचं खोरं, खारपाणपट्टा. आमच्या आठवणीत इथे जंगल नव्हतंच, वानर मात्र होतं. गावाच्या वडावर, नदीकाठच्या चिंचेवर, आमराईत, मारुतीच्या पारावरच्या पिंपळावर ते राहत होतं. वानराला जंगल लागतं असं नाही; झोपायला उंच झाड आणि दिवसभर ओरपायला पाला लागतो. हे दोन्ही वऱ्हाडातल्या गावांनी त्याला पिढ्यान्‌पिढ्या दिलं. आता आमराया तुटल्या. रस्ते रुंद झाले तसे कडेचे कडुनिंब, वड आणि चिंचा गेल्या. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती ते अकोला मार्गावर १०५ तासांत ७५ किलोमीटर डांबर पडलं, गिनीजमध्ये नोंद झाली, आपण सगळ्यांनी अभिमानानं एकमेकांना सांगितलं. मलाही त्या रस्त्यानं जायला आवडतं. पण सावलीचे रस्ते गेले आणि त्या सावलीवर जगणारं वानर गावातच राहिलं, हेही त्याच वर्षांत घडलं. तेव्हा हा प्राणी कुठून घुसलेला नाही. तो गावकरीच आहे, त्याचं घर तेवढं मोडलं आहे.

शिवाय ‘वानेरं’ म्हणताना आपण नेमकं कुणाबद्दल बोलतो, तेही बघायला हवं. निवेदनात ‘माकड’ असतं, बातमीत ‘वानर’ असतं, घरी ‘बंदर’. माझे विद्यार्थी विचारायचे, सर, एकच ना? एकच नाही. आपल्या शिवारात आहे ते काळ्या तोंडाचं, राखाडी अंगाचं, शेपटी लांबलचक असलेलं वानर. लालतोंडं माकड वेगळं. जुन्या पुस्तकांत तापी-गोदावरीची रेषा ओढून उत्तरेकडे हे लालतोंडं आणि दक्षिणेकडे डोक्यावर केसांची टोपी असलेलं दुसरं माकड, अशी वाटणी असायची; लालतोंडं आता ती रेषा ओलांडून दक्षिणेकडे सरकतं आहे. माकडाच्या गालात पिशव्या असतात. सापडेल ते गालात कोंबायचं, पळायचं आणि मग निवांत खायचं, ही त्याची रीत. वानराला गालपिशवी नसते. त्याचं भांडवल पोटात आहे: जठराचे कप्पे, आणि त्यात पाला आंबवणारे जिवाणू. गाईच्या पोटात जे काम चालतं त्याच्याच जवळपासचं, फक्त रवंथ नाही.

हा भेद पुस्तकी वाटेल, पण काकाजींच्या तुरीचं सगळं कोडं त्यातच सुटतं. जंगली झाडाचं पान निबर असतं, त्यात कडवट तुरट रसायनं असतात, कारण खाल्लं जाऊ नये अशीच झाडाची रचना असते. आपण मात्र शेकडो वर्षं निवडून निवडून कोवळी, गोड, प्रथिनांनी भरलेली डाळवर्गीय पिकं केली. पाला आंबवणाऱ्या पोटाला तुरीचा शेंडा, हरभऱ्याचा घाटा, मुगाची शेंग याहून चांगलं अन्न निसर्गात मिळत नाही. म्हणून ‘जंगलात खायला नाही म्हणून येतात’ हेही पूर्ण खरं नव्हे. मेळघाट बव्हंशी सागाचं कोरडं रान, उन्हाळ्यात ते उघडंबोडकं होतं, हे खरं. पण भर श्रावणात हिरवंगार असतानाही डोंगरपायथ्याचं वानर मुगात उतरतंच. जंगलात फळझाडं लावा म्हणजे ती येणार नाहीत, असं सभेत टाळ्या घेत सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. झाडं जरूर लावा. त्यानं तूर वाचेल असा शब्द मात्र शेतकऱ्याला देऊ नका.

उलट बाजूनंही एक फसवं बोलणं ऐकलं आहे, तेही एका शिकलेल्या माणसाच्या तोंडून. तुरीचे शेंडे खुडा म्हणून कृषी सहायक सांगतातच, वानरानं खुडले तर फायदाच, फांद्या फुटतील. शेंडे खुडणी पेरणीनंतर दीड-दोन महिन्यांनी, झाड वाढीच्या भरात असताना करायची असते. फुलोऱ्यात आणि शेंगा धरताना खुडलेला शेंडा फांद्या देत नाही, तो क्विंटलातून वजा होतो. ज्यांनी तुरीचं पोतं कधी मोजलं नाही, त्यांनी शेतकऱ्याला हा हिशेब शिकवू नये.

आता ‘पकडा’. इथे मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण इथे आपण नकळत क्रूर होतो.

टोळी म्हणजे काय? बहुतेक ठिकाणी एक मोठा नर, आपला हुप्प्या, आणि त्याच्याभोवती माद्या व पिल्लं. माद्या जन्मल्या त्याच टोळीत मरतात. आई, मुलगी, मावशी, भाची असं ते कुटुंब असतं. नर वयात आला की बाहेर पडतो आणि नरांच्या वेगळ्या टोळक्यात फिरतो, कुठला हुप्प्या कमजोर पडतो यावर नजर ठेवून. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला युकिमारू सुगियामा हे जपानी संशोधक धारवाडजवळ वानरं पाहत होते. बाहेरच्या नरांनी जुन्या हुप्प्याला हुसकून टोळी बळकावली आणि त्यानंतर अंगावर पिणारी पिल्लं एकामागून एक मारली गेली, ही नोंद त्यांनी केली. पुढे जोधपूरला मोहनोत आणि १९७० च्या दशकात माउंट अबूवर सारा हर्डी या संशोधकांनी हेच पाहिलं. हर्डी यांचं १९७७ चं पुस्तक त्यावरच आहे. पिल्लू गेलं की मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराची पिल्लं वाढतात, अशी त्याची उकल त्यांनी केली.

आता आपल्या गावात काय होतं ते आठवा. ‘एक मोठं वानेर पिसाळलं’ अशी हाकाटी होते. पिंजरा येतो. दांडगा, सगळ्यात पुढे येणारा, सहज सापडणारा हुप्प्याच आधी पकडला जातो. पेपरात फोटो येतो. गाव सुटकेचा श्वास टाकतं. पंधरा दिवसांत बाहेरचे नर येतात, टोळीत मारामाऱ्या सुरू होतात, माद्या मेलेलं पिल्लू छातीशी धरून छपरांवरून पळत सुटतात आणि लोक म्हणतात, आता तर जास्तच पिसाळले. आपण प्रश्न सोडवला असं समजून जो घाव घातला, त्यातूनच तो पुन्हा उगवला. मी हे आमच्या गावाच्या वेशीवर पाहिलं आहे. मेलेल्या पिल्लाला चार दिवस वागवणारी ती मादी माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

वानराला आपल्याच मापानं मोजायची खोड जुनी आहे. वर्गात दरवर्षी एक तरी मुलगा विचारायचा: माणूस माकडापासून झाला, मग माकडं अजून शिल्लक कशी? उत्तर सोपं आहे. आपण आजच्या माकडापासून झालेलो नाही. त्यांचा आणि आपला पूर्वज एक होता आणि वाटा फुटून सुमारे अडीच कोटी वर्षं झाली. काकाची मुलं आहेत म्हणून आपण नाही, असं होत नाही. पण त्या जुन्या नात्यामुळे त्यांचा चेहरा आपल्याला ओळखीचा वाटतो आणि त्या चेहऱ्यामागे आपण आपलंच मन बसवतो. २०२१ च्या डिसेंबरात बीड जिल्ह्यातलं माजलगाव तालुक्यातलं लवूळ जगभर गाजलं ते यामुळेच. कुत्र्यांनी वानराचं पिल्लू मारलं म्हणून वानरांनी सूड घेत अडीचशे कुत्री मारली, अशी बातमी परदेशी वाहिन्यांपर्यंत पोचली. नागपूरहून वनखात्याचं पथक आलं आणि दोन वानरं धरून घेऊन गेलं. घडत होतं ते एवढंच की वानरं कुत्र्यांची लहान पिल्लं उचलून झाडावर, गच्चीवर नेत होती. तिथे ती उपाशी मरत होती किंवा पडून मरत होती. पिल्लू दिसलं की उचलून छातीशी धरायचं, हे वानरात खोलवर आहे. टोळीतल्या माद्या एकमेकींची पिल्लं आळीपाळीनं सांभाळतात. सूड, गट, कट हे सगळं आपण घातलेलं. अशा बातमीनंतर मात्र वानराकडे शत्रू म्हणून बघणं सोपं जातं आणि ‘पकडा’ हा शब्द आणखी जोरात निघतो.

‘पकडलं नाही तर वाढतीलच की’ असं काकाजी म्हणाले. वानराची मादी एका वेळी एक पिल्लू देते. साडेसहा-सात महिन्यांचं गरोदरपण, मग अंगावर पाजणं; दुसरं पिल्लू यायला दीड-दोन वर्षं जातात. रानडुकराची मादी एका विताला चार-सहा पिल्लं घालते. दोघांना एका पारड्यात घालून ‘बेसुमार पैदास’ म्हणणं बरोबर नाही. आपल्याला ती जास्त दिसतात, कारण चार ठिकाणी विखुरलेली टोळी आता उरलेल्या एका वडाभोवती आणि एका शिवारात गोळा झाली आहे.

पण समजा, पकडलीच. नेणार कुठे? २०२५ च्या अखेरीस राज्य शासनानं पकडणाऱ्याला माकडामागे ६०० रुपये ठरवले आणि वस्तीपासून किमान १० किलोमीटर लांब सोडायला सांगितलं. अकोला जिल्ह्याचा नकाशा घेऊन बसा आणि कोणत्याही गावाच्या दहा किलोमीटर आत येत नाही असा एक ठिपका मला दाखवा. सपाटीवर तो नाहीच. म्हणून मग बोट आपसूक मेळघाटावर जातं.

मेळघाट रिकामा आहे का? १९७४ पासून तिथे व्याघ्र प्रकल्प आहे. त्या रानात वानरांच्या टोळ्या आधीच आहेत, प्रत्येकीचं आपलं क्षेत्र आहे. बाहेरून टाकलेली टोळी तिथे मार खाते आणि कडेकडेनं सरकत पुन्हा माणसाच्या पिकाजवळ येते. आणि ते पीक कुणाचं? धारणी-चिखलदऱ्यातल्या कोरकू शेतकऱ्याचं, दोन-चार एकरांतल्या मक्याचं, कुटकीचं, सोयाबीनचं. वाघासाठी बोरी, कोहा, कुंड ही गावं उठली, अकोट तालुक्यात येऊन बसली. त्यांच्यामागून आणखी गावं उठली. व्याघ्र प्रकल्पाची किंमत ज्यांनी घरं सोडून दिली, त्यांच्या उरलेल्या भाऊबंदांच्या वावरात आता आपण सपाटीवरची वानरं नेऊन ओतायची? आपला तास वाचावा म्हणून त्यांचा तास खाऊ द्यायचा? ठराव करताना हा प्रश्न कुणाच्याच तोंडी येत नाही, कारण त्या ग्रामसभेत कोरकू माणूस बसलेला नसतो. या एका कारणासाठी मी त्या ठरावावर सही केली नाही आणि करणार नाही.

पकडून दुसरीकडे नेणं काही नवीन नाही. दिल्लीत उच्च न्यायालयाच्या २००७ च्या आदेशानंतर हजारो लालतोंडी माकडं पकडून असोला भाटीच्या अभयारण्यात सोडली. खायला घातलं, भिंती उंचावल्या. माकडं भिंतीवरून आसपासच्या वस्त्यांत उतरली आणि दिल्लीतली ओरड आजही तशीच आहे. हिमाचलनं दुसरा रस्ता धरला. २००७ पासून नसबंदी, दीड लाखाहून जास्त माकडांची. तिथल्या मोजणीत २००४ साली ३ लाख १७ हजार असलेली माकडं २०१५ मध्ये २ लाख ७ हजारांवर आली. म्हणजे नसबंदीनं संख्या उतरते, हे मी मान्य करतो. त्याला विरोध करणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण नसबंदी झालेलं माकडही दुसऱ्या दिवशी तितकंच खातं, आणि हिमाचलच्या शेतकऱ्याची तक्रार संख्येबरोबर उतरली नाही. नसबंदीचं फळ दहा वर्षांनी मिळतं. तूर या जानेवारीत काढायची आहे.

राहिलं ‘घाबरवा’. फटाक्याला वानर चार दिवसांत सरावतं. पाइपात कार्बाइड घालून बार काढायची युक्तीही गावोगाव पोचली आहे. २०२५ च्या दिवाळीत भोपाळमध्ये याच कार्बाइडच्या बंदुकांनी पोरांचे डोळे भाजले, काहींची नजर गेली. माकडं हाकायचं ते साधन. आपल्या पोरांच्या हातात ते जाऊ देऊ नका, ही हात जोडून विनंती.

आणि एक गोष्ट आपण करतो ती बंद करायला तर कुठल्याच शासन निर्णयाची गरज नाही. शनिवारी मारुतीपुढे केळी, परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना घाटात गाडी थांबवून बिस्किटं, फुटाणे, कुरकुरे. वानराच्या त्या आंबवणाऱ्या पोटात मैदा आणि साखर गेली की आम्ल वाढतं, जिवाणू मरतात, प्राणी आजारी पडतो. तो आजारी पडला नाही तर त्याहून वाईट: माणसाच्या हातात अन्न असतं हे तो शिकतो आणि ते पिल्लाला शिकवतो. मग पिशवी ओढतो, पोराला बोचकारतो. (बोचकारलं किंवा चावलं तर पंधरा मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्यात जखम धुवा आणि सरळ दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्या, हळद-तिखट भरत बसू नका.) ज्या मुलखात गाडगेबाबा झाडू घेऊन फिरले आणि भुकेल्या माणसाच्या मुखात घास घाला म्हणून कीर्तनं करत राहिले, त्या मुलखात बाप चालत्या गाडीतून वानराला बिस्किटं फेकतो आणि त्याला पुण्य म्हणतो. पुढच्या वळणावरचा शेतकरी त्या पुण्याची किंमत भरतो.

मग मागायचं काय? माझं मागणं साधं आहे: वानर हलवायला जो पैसा लागतो तो राखणीला द्या. पूर्वी वावरात मचाण असायचं, पोरांच्या हातात गोफण असायची, ज्वारी होती म्हणून घरातलं एक माणूस तिथेच असायचं. पोरं शाळेत गेली, हे चांगलंच झालं. ज्वारी गेली, सोयाबीन आलं. घरची बाई रोजंदारीवर गेली आणि वावर दिवसभर एकटं राहिलं. वानर रात्री येत नाही. सकाळी आणि दुपार कलताना येतं. चार-पाच लगतची वावरं मिळून एक राखणदार, तुरीच्या फुलोऱ्यापासून सोंगणीपर्यंत दोन-अडीच महिने, हे पुरतं. आमच्याकडे ६०० रुपयांत राखणीचे दीड-दोन दिवस निघतात. ज्या महाराष्ट्रानं १९७७ मध्ये कायदा करून देशाला रोजगार हमी दाखवली, त्याला पिकाची राखण हे काम म्हणून मोजता येऊ नये?

आणि पंचनामा बदला. वनरक्षक, तलाठी, कृषी सहायक येतात आणि आडवं पडलेलं पीक शोधतात. डुक्कर लोळतं, रोही तुडवतो, ते दिसतं. वानर फूल आणि शेंग तेवढी नेतं, झाड उभंच राहतं. उभं झाड पाहून ‘नुकसान किरकोळ’ असं लिहिलं जातं. शेंगा मोजून, शेजारच्या न खाल्लेल्या तासाशी ताडून नुकसान काढायची रीत हवी. आपल्या अकोल्यातच पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. तुरीच्या झाडाला सरासरी किती शेंगा आणि किती खाल्ल्या तर किती उत्पन्न घटतं, याचा तक्ता करून देणं त्यांना जड नाही. तो तक्ता पंचनाम्याच्या कागदाला जोडा, मग उभ्या झाडाचंही नुकसान मोजलं जाईल.

काकाजी हे सगळं ऐकून घेऊन म्हणाले, ‘मास्तर, तुमचं बराबर असन, पण उद्या सकायी काय करू?’ त्याचं उत्तर आम्ही तिथेच धुऱ्यावर ठरवलं. त्यांचं वावर, माझं, आणि ओढ्यापलीकडची दोन. सकाळी सहा ते दहा आणि तीन ते दिवस बुडेपर्यंत एक माणूस, खर्च चौघांत एकरानुसार. नुकसानीचा अर्ज उद्याच, शेंगांचा आकडा घालून. ग्रामसभेच्या ठरावातलं ‘मेळघाटात सोडा’ खोडून ‘राखणीची मजुरी द्या’ असं लिहून मी तो त्यांच्याकडे दिला. त्यांनी तो घडी घालून बंडीच्या खिशात ठेवला, सही करतो म्हणाले नाहीत. गोफण त्यांच्या माळ्यावर आहे, वडिलांच्या वेळची. दोर कुजला आहे, तेवढा नवीन वळावा लागेल.